बेटावर अडीच वाजता

समुद्राच्या मधोमध असलेल्या एका बेटावर मी दहा दिवस राहिले, आणि त्यातले आठ दिवस एका अंजिराच्या झाडाच्या पलीकडे गेले नाही. झाडाच्या पुढे मोबाईलला रेंज नव्हती. आणि मला रेंज नसली की इकडे पाथर्डी तालुक्यात, तिसगावजवळच्या आमच्या वस्तीवर, म्हैस दूध देत नव्हती. हे वाचून कोणी हसेल तर हसू दे. गावही हसलंच होतं.

बेटाचं नाव मुलीने मला पाच वेळा म्हणून दाखवलं, पण माझी जीभ त्याला वळत नाही, म्हणून मी नुसतं बेट म्हणते. ग्रीस देशाचं आहे, भूमध्य समुद्रात. शाळेत असताना उन्हाळे कोरडे आणि हिवाळे ओले एवढं त्या हवामानाबद्दल पाठ केलं होतं, तेवढीच आमची ओळख.

मुलगी जर्मनीत नर्स आहे. तिच्यासोबत काम करणारी माणसं दर वर्षी सुट्टी काढून अशा लहान लहान बेटांवर जातात, आणि तिथे जाऊन काय करतात तर चालतात. नवस नाही, लग्न नाही, बाजार नाही. सकाळी बूट घालायचे, समुद्र बघत डोंगरावरून चालायचं आणि संध्याकाळी परत यायचं. मुलगी दोनदा जाऊन आली आणि तिने मनात धरलं की मम्मीला एकदा आणायचंच. मी जन्मभर चालले आहे, पण डोक्यावर घासाचा भारा नसताना चालणं मला ठाऊक नव्हतं. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसाने विचारलं, तिकडे जाऊन करणार काय? मी म्हटलं, चालणार. त्याने कागदातून डोकं वर काढलं आणि विचारलं, इकडचे रस्ते संपले का?

मला जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्यावरून कोणाला तसं वाटणार नाही. बेटाच्या पार टोकाला एक पांढरं दीपगृह आहे आणि तिथे उभं राहिलं की तिन्ही बाजूंना पाणीच पाणी, असा फोटो मुलीने पाठवला होता. तो मी मोबाईलवर इतक्या वेळा मोठा करून पाहिला की दीपगृहाच्या दाराचा निळा रंग कुठे उडालाय तेसुद्धा मला माहीत झालं होतं. मला त्या दारापाशी जायचं होतं, बस.

आता म्हशीचं सांगते. आमच्याकडे दोन म्हशी, माय आणि लेक. एक आटेपर्यंत दुसरी व्यालेली असते, असा मेळ मीच बसवलेला, म्हणजे घरचं दूध कधी तुटत नाही. दोघीही फक्त माझ्या हाताला पान्हा सोडतात. दुसरं कोणी कासेखाली बसलं की दूध चोरून धरतात, चरवीला लाथ घालतात. लोक म्हणतात, काय माया आहे बाईची जनावरावर. माया आहेच. पण खरं म्हणजे ती सवय त्यांना मी लावली, आणि जाणूनबुजून लावली.

बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकून मी लग्न होऊन या घरात आले. इथे माझं असं काही नव्हतं. चूल सासूबाईंची, शेत मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, आणि मी दोघांच्या हाताखाली. गोठ्यात एक पहिलारू म्हैस व्यायला झाली होती. तिला मी पहिल्या दिवसापासून माझ्या एकटीच्या हातावर घेतलं. धारेच्या वेळी गोठ्याचं दार लावून घ्यायचे, कोणाला आत येऊ द्यायचे नाही, तिचं कपाळ खाजवत हळू आवाजात "ये गं बाय, ये गं माझी बाय" म्हणत राहायचे. दोन महिन्यांत ती अशी झाली की मी नसले तर थेंब देईना. सासूबाई म्हणाल्या, म्हशीनं हिला धरलंय. मला आतून गुदगुल्या झाल्या. आता या घरात कोणी मला 'तू करतेस काय' असं विचारू शकत नव्हतं. पुढे तिच्या लेकीला तीच सवय लावली, मग नातीला. लेक आणि नात आज दावणीला आहेत.

पण खुंटा ठोकणाऱ्यालाही खुंट्याजवळच थांबावं लागतं, हे तेव्हा कळलं नाही. सकाळी पाच, संध्याकाळी पाच, सत्तावीस वर्षं. लग्नाला गेले तर अक्षता टाकून परत. माझं माहेर नेवाशाजवळ. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी सकाळची धार काढून एसटीने जायचे आणि दुपारी निघायचे. शेवटच्या दिवशी तिने माझा हात धरून ठेवला होता. बोलता येत नव्हतं तिला, नुसता धरला होता. मी एकेक बोट करून तो सोडवला, कारण पाचच्या आत घरी पोचायचं होतं. शेवगावच्या स्टँडवर असताना भावाचा फोन आला. मी तिथून मागे फिरले नाही. आधी घरी आले, धार काढली आणि मग गेले. त्या दिवशी म्हशीने रोजच्यापेक्षा जास्त दूध दिलं. ती चरवी मी विसरलेले नाही.

तर मुलीचं तिकीट आलं आणि घरात प्रश्न एकच, म्हशीचं काय करायचं. दूध कासेत साचून राहिलं तर कास दगडासारखी होते आणि म्हैस हातची जाते. आमच्याकडे याला एक जुना उपाय आहे. बाई आजारी पडली, बाळंतपणाला गेली, तर घरातला पुरुष तिची साडी नेसून धारेला बसतो, म्हणजे म्हैस फसते. मालक आधी तयार होईनात. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, आण ती साडी.

गोठ्यात नेसायच्या माझ्या दोन जुन्या साड्या होत्या. शेण, दूध, घाम, सगळ्याने माखलेल्या. नवऱ्याला मी आजवर मळका रुमालही कधी दिला नाही, ती साडी कशी देणार? दोन्ही साबण लावून स्वच्छ धुतल्या, उन्हात वाळवल्या, घडी घालून त्यांच्या हातात दिल्या. मालक हिरवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन गोठ्यात गेले. शेजारच्या वस्तीवरच्या बाया कुंपणाला येऊन उभ्या राहिल्या. म्हशीने एकदा वळून पाहिलं, पदर हुंगला आणि चरवी उडवून दिली. महिनाभर रोज हेच. मालकांच्या नडगीवर निळे वळ उठले. त्यांनी तेल लावून घेतलं.

शेवटी मुलीने फोनवरून युक्ती काढली. सकाळसाठी माझा आवाज मोबाईलमध्ये भरून ठेवायचा आणि म्हशीच्या कानाशी लावायचा. आम्ही करून पाहिलं. म्हैस अर्धं दूध द्यायची आणि अर्धं चोरायची, तिला काहीतरी कमी वाटायचं. पण मी दाराबाहेर उभी राहून फोनवरून जिवंत बोलले, तर सगळं द्यायची. म्हणून ठरलं की सकाळी रेकॉर्डिंग, संध्याकाळी फोन. आपल्याकडे पाच वाजतात तेव्हा बेटावर दुपारचे अडीच. अडीचला मी जिथे असेन तिथे रेंज पाहिजे, एवढीच अट. ही अट मी हसत मान्य केली आणि विमानात बसले.

बोटीतून उतरल्यावर मी आधी समुद्राकडे पाहिलं नाही, डोंगराकडे पाहिलं, आणि मला हसू आलं. इतक्या लांब येऊन आमचाच माळ. तीच खडकाळ जमीन, काटेरी झुडपं, निवडुंग, शेळ्या. उतारावर माती अडवायला दगडाच्या ताली घातलेल्या, अगदी आमच्याकडे मढीच्या बाजूला आहेत तशा. फक्त खाली नजर गेली की निळं पाणी, इतकं निळं की मला खोटं वाटलं. एप्रिल होता, आमच्याकडे विहिरी तळाला गेलेल्या, आणि इथे दगडांच्या फटीतून लाल, पिवळी फुलं वर आलेली. पायाखाली कुठलंसं झुडूप चुरगळलं की ओव्यासारखा वास यायचा.

गाव बंदराला लागून. तिथून डोंगराच्या कडेने एक पायवाट दीपगृहाकडे जाते. जायला पाच तास, यायला पाच, गाडीरस्ता नाही. पहिल्या सकाळी मुलगी आणि मी निघालो. तासाभरावर ते अंजिराचं झाड आलं. त्याच्या पुढे दोन पावलं टाकली आणि मोबाईलवरच्या रेंजच्या काड्या गेल्या. मी दोन पावलं मागे आले, काड्या आल्या. पुन्हा पुढे, गेल्या. मुलगी हसली, मीही हसले. मग तिला पुढे पाठवलं आणि मी झाडाखाली बसले. ती संध्याकाळी परत आली, उन्हाने लाल झालेली, दीपगृहाचे फोटो घेऊन. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आज आपण दोघी बंदरावरच फिरू. मी तिला रागावले, तुझी सुट्टी माझ्यापायी का घालवतेस. ती गेली. मी पुन्हा झाडापर्यंत आणि परत.

दुपारी अडीचला मी बंदरावरच्या बाकावर बसायचे, तिथे रेंज सगळ्यात चांगली. मालक तिकडे गोठ्यात मोबाईल म्हशीच्या कानाशी धरायचे आणि मी इकडे सुरू करायचे. आधी हळू. मग मालक म्हणायचे, देईना, मोठ्यानं म्हण. मग मी त्या परक्या गावात, कॉफी पीत बसलेल्या गोऱ्या माणसांसमोर, मोठ्या आवाजात "ये गं बाय, ये गं माझी बाय" करायचे. माणसं वळून बघायची आणि पुन्हा कॉफी प्यायला लागायची. लाज वाटली नाही. राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

एका दुपारी काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी येऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या हातात चीजची टोपली होती. तिला माझा एक शब्द कळत नव्हता, पण ती दोन्ही मुठी वरखाली करून धार काढायची खूण करायला लागली आणि विचारल्यासारखी मान हलवली. मी मान डोलावली आणि डोक्याशी हात नेऊन मोठी वाकडी शिंगं करून दाखवली. ती पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी तिने मला चीजचा तुकडा आणून दिला आणि डोंगराच्या वाटेकडे बोट केलं, मग माझ्या नव्या बुटांकडे. मी मोबाईल दाखवला. तिने टोपली खाली ठेवली, दोन्ही मनगटं एकावर एक ठेवून बांधल्यासारखी केली आणि माझ्याकडे बघत राहिली.

आठव्या दिवशी आमची जायची बोट होती. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटत होतं. बॅग भरून मी सकाळपासून बंदरावर. पण आदल्या संध्याकाळपासून वारा सुटला होता, पाणी पांढरं झालं होतं, आणि दहाच्या सुमाराला कळलं की बोट येत नाही, परवा येईल. विमानाचं तिकीट मुलीने फोन करून पुढे ढकललं. मी मात्र तिच्यावर तोंड सोडलं. म्हटलं, असल्या ठिकाणी आणलंस जिथून माणूस आपल्या पायाने निघू शकत नाही. इकडे आड तिकडे विहीर. घरी जाता येईना आणि इथे हलता येईना. नंतर तिने माझ्या बॅगेची चेन उघडली, बूट बाहेर काढले आणि माझ्यापुढे ठेवले.

"मम्मी, तू बेटावर आलीच नाहीस अजून," ती म्हणाली. "तू आठ दिवस गोठ्यातच आहेस. मी आजीच्या वेळी लहान होते, मला बोलता आलं नाही. आता बोलते."

त्या दिवशी अडीचचा फोन मी केला, पण माझा आवाज नीट लागला नाही आणि मालकांनी दोनदा विचारलं, काय झालं. मी म्हटलं, वारा आहे.

नवव्या दिवशी सकाळी मी फोन केला आणि सांगितलं, "आज माझा फोन येणार न्हाई."

मालक म्हणाले, "मंग म्हशीचं काय?"

"तुमचं तुमी बघा."

हे वाक्य मी नवऱ्याला सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. म्हटल्यावर मी एक तास खोलीत बसून राहिले. बूट घातले, काढले, पुन्हा घातले. निघायला नऊ वाजले.

अंजिराच्या झाडाशी माझे पाय थांबले. मुलीने मागे वळून पाहिलं नाही, ती चालत राहिली, आणि तिच्या पाठीकडे बघत मी पुढे गेले. काड्या गेल्याच असतील, मी मोबाईल बाहेर काढला नाही. त्यानंतरची वाट सुंदर होती असं लिहायला पाहिजे. होतीही. ताली, उतारावर वाऱ्याने वाकलेली झाडं, खाली खडकांवर आपटणारं पाणी, एका वळणावर नुसत्या शेळ्यांच्या घंटा. पण मला त्या सगळ्यात म्हशीची कास दिसत होती, तटतटलेली. सुख असं काही झालं नाही. फक्त चालता चालता एकदा लक्षात आलं की माझे दोन्ही हात मोकळे आहेत आणि ते कुठे ठेवायचे ते मला कळत नाहीये.

दोनच्या पुढे आम्ही दीपगृहाशी पोचलो. निळ्या दाराचा उडालेला रंग होता तिथेच होता. मी दाराला हात लावला. तिन्ही बाजूंना पाणी, वारा असा की उभं राहवेना. मुलीने घड्याळात पाहिलं नाही, मीही नाही, पण अडीच मला कळले. सत्तावीस वर्षांनी ते अंगातच कळतात. तोंडातून आपोआप निघालं, "ये गं बाय." समोर फक्त समुद्र होता. बाजूच्या खडकावरच्या दोन शेळ्यांनी माना वर केल्या. मुलगी हसायला गेली आणि रडायला लागली. मग मी तिथेच दगडावर बसले आणि आईसाठी रडले. आई गेली तेव्हा नीट रडले नव्हते, धार काढायची होती.

परत येताना अंजिराच्या झाडाशी संध्याकाळ झाली. मोबाईलला काड्या आल्या. मालकांचा एकही मिस कॉल नव्हता. फोन लावला.

मालक म्हणाले, "दिलं की. पुरं दिलं."

मग तो अबोल माणूस कधी नव्हे ते इतकं बोलला. सकाळी माझा फोन ठेवल्यावर त्यांना सुचेना. म्हशीने सकाळचं अर्धं चोरलेलंच होतं. दुपारी ते घास आणायला गेले, तर भारा बांधायचं माझं फडकं शेताच्या कडेला बाभळीवर लटकलेलं. अर्ध्या फाटक्या साडीचं ते फडकं, मी रोज डोक्यावर घेते आणि कधी धूत नाही. ऊन लागत होतं म्हणून त्यांनी ते डोक्यावरून घेतलं आणि तसेच गोठ्यात शिरले. म्हशीने हुंगलं आणि पान्हा सोडला. रेकॉर्डिंग नाही, काही नाही.

"तू साड्या धुतल्या हुत्या," ते म्हणाले. "त्यात तू कुठं हुतीस?"

झाडाखाली उभी राहून मी ते ऐकलं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि आधी झाला तो राग. साबणाच्या एका वडीपायी मी आठ दिवस या झाडाशी घालवले होते. त्याच्या मागून दुसरं आलं आणि ते जास्त लागलं. म्हणजे म्हैस माझ्यासाठी अडून बसली नव्हती. एवढ्या वर्षांत मी कधी कोणाला ते फडकं दिलंच नव्हतं. आई अंथरुणाला होती तेव्हाही ते तिथेच बाभळीवर असणार.

दहाव्या दिवशी बोट आली, मग विमान, आणि घरी पोचले तेव्हा संध्याकाळचे साडेचार-पाच झाले होते. बॅग ओट्यावर टाकली आणि पाय आपोआप गोठ्याकडे वळले. मालक कासेखाली बसले होते, डोक्यावर माझं फडकं. चरवीत धार वाजत होती. मी दाराच्या बाहेर उभी राहिले. म्हशीचा एक कान माझ्या बाजूला वळला, तिला मी आल्याचं कळलं होतं. आवाज घशापर्यंत आला होता. एकदा 'बाय' म्हटलं असतं तर तिने त्यांच्या हातातलं दूध तिथल्या तिथे चोरलं असतं आणि मला दिलं असतं. मला ते किती हवं होतं ते काय सांगू. मी पदर तोंडात धरला.

मालकांनी मला पाहिलं आणि सुटकेने उठायला लागले. "आलीस व्हय. घे तुझी म्हैस."

"बसा," मी म्हटलं. "तुमीच काढा. उद्या मी नेवाशाला जाती. राहीन."

"किती दिवस?"

"बघू."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा खाली बसले.

दुसऱ्या दिवशी माहेरी गेले. आईच्या खोलीत भावाने आता कांदा भरून ठेवला आहे, तिची खाट तेवढी भिंतीला लावून ठेवलेली. मी ती खाली टाकून बसले. दुपारी दोन वाजता भावजय जुन्या सवयीने म्हणाली, ताई, चहा टाकते, तुमची गाडी जाईल. मी म्हटलं, आज गाडी नाही. ती चहा टाकायला गेली. पाच वाजले तेव्हा मी त्याच खाटेवर होते, जिथे मी आईची बोटं सोडवली होती तिथे, आणि मला कुठेही जायचं नव्हतं.